लाल ठिपक्याची पुस्तकं

लाल ठिपक्याचं पुस्तक पुन्हा एकदा टेबलावर आलं आणि ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. समोर चौथीतली मुलगी उभी होती. पाठीवर दप्तर, नजर बुटांवर. तिची आई आज शाळेत येणार होती, म्हणून तिला वर्गातून बोलावून घेतलं होतं. आल्या आल्या तिनं काय केलं, तर हे पुस्तक बदलायला काढलं.

लाल ठिपका पहिलीचा, पिवळा दुसरीचा, निळा तिसरीचा, हिरवा चौथीचा. बाईंनी स्वतः गोल कागद कापून एकेका पुस्तकाच्या पाठीवर चिकटवले होते. मुख्याध्यापक बदलले, भिंतींचा रंग बदलला, पण बाईंचे ठिपके म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खालच्या इयत्तेचं पुस्तक न्यायला बंदी नव्हती, पण नेणार कोण? चौथीची पोरं लाल ठिपक्याच्या कपाटाकडे बघतसुद्धा नसत. तिथे जणू बाळाचे लंगोट वाळत घातले होते.

ही एकटीच न्यायची. वर्षाच्या सुरुवातीपासून अकरा पुस्तकं, अकराही लाल. सोळा पानांचं पुस्तक, पानावर दोन ओळी, त्याला दोन-दोन आठवडे. इतके दिवस का लागले असं विचारलं, तर म्हणायची, अजून झालं नव्हतं.

मागच्या आठवड्यात बाईंनी तिला समोर बसवून हिरव्या ठिपक्याचं पुस्तक वाचायला दिलं. मुलीनं शब्दाखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सुटं करत वाचू लागली. ओळ संपली की थांबायची आणि वर बघायची. बाईंना वाटलं, अडली. त्या पुढचा शब्द सांगायच्या. पुन्हा एक ओळ, पुन्हा तेच थांबणं, तेच बघणं. दुसऱ्या पानावर बाईंनी हळूच पुस्तक मिटलं. त्यांना रागबिग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. तीन वर्षं ही पोर आपल्या डोळ्यांसमोर होती आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं.

वर्गशिक्षिकांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, वर्गात कधी तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर असंच वाचते. मग पत्र तयार झालं. सोमवारपासून मुलीनं दुसरीत बसायचं. वाचनाच्या बाबतीत बाईंचा शब्द शेवटचा. अठरा वर्षांत तो कुणी खाली पडू दिला नव्हता. वर्गात बातमी आधीच पोचली होती. खिडकीजवळची तिची जागा कुणी घ्यायची यावरून दोघींचं भांडणही झालं होतं. बाईंनी तिला चारदा जवळ घेऊन विचारलं, काय अडतंय, घरी काही आहे का? मुलीचे डोळे भरून यायचे, पण तोंडात मिठाची गुळणी.

आई आली ती दुकानातून तशीच. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम. मनगटावर भाजल्याचा जुना डाग, पदराला कपड्यांवर चिठ्ठ्या लावायच्या टाचण्या. दारातच चपला काढत होती. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि जमेल तितक्या मऊ शब्दांत समजावलं. पोरगी थोडी मागे पडलीय, लहानांत बसली की सुधारेल, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आई ऐकत होती आणि मुलीकडे बघत होती. मुलगी बघत नव्हती.

ग्रंथालयाच्या अर्जावर आईचा अंगठाच होता, ते बाईंना आठवलं. त्यांनी पत्र पुढे केलं, शिक्क्याच्या शाईची डबी उघडली आणि अंगठा कुठे उठवायचा ते दाखवलं.

आईनं अंगठा दिला नाही. पत्र स्वतःकडे ओढलं.

"आधी वाचते," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, कशाला त्रास, मी सांगितलंच आहे ना. पण मुलगी उठून आईच्या खुर्चीशी गेली होती. पहिल्या शब्दाखाली तिनं बोट ठेवलं. आई एकेक अक्षर सुटं करत वाचू लागली. शाळेचं नाव, तारीख, मुलीचं नाव. जोडाक्षराला अडखळली, तेव्हा मुलगी गप्प राहिली. तिनं वाट बघितली. आईनं ते आपलं आपण सोडवलं. ओळ संपली. मुलगी थांबली आणि वर आईच्या तोंडाकडे बघू लागली. आईनं ती अख्खी ओळ पुन्हा, न तोडता म्हटली, तेव्हा कुठे बोट खाली सरकलं.

बाईंच्या हातातली डबी उघडीच राहिली. मागच्या आठवड्यात ही आपल्याकडे असंच, आपण ओळ पुन्हा म्हणू म्हणून बघत होती, आणि आपण शहाण्यासारखे पुढचे शब्द सांगत सुटलो होतो.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"हिनंच की. रोज संध्याकाळी बसवते." आईनं मान वर केली नाही. ओळ चुकेल अशी भीती असावी. "पुरतं आल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, म्हणून मीच शपथ घातली होती तिला. या वयात आपलं हसं नको, वाटलं. तिनं ती इतकी पाळली असेल, हे मला काय माहीत."

बाईंनी पत्र परत घ्यायला हात पुढे केला. आईनं दिलं नाही. एकच ओळ उरली होती. ती तिनं आधी तोडून वाचली, मग सावकाश, एका दमात म्हटली,

"आपल्या मुलीला वाचता येत नाही."

मुलीनं बोट उचललं.

"बरोबर वाचलंस, आई," ती म्हणाली.