डेझीचा चौथा अर्थ

“बाई, चोर सापडला,” म्हणत मदतनीस आत आली आणि तिने एक नवाकोरा शब्दकोश टेबलावर ठेवला. दुसऱ्या प्रकाशकाने काढलेला, चांगला उशीएवढा जाड.

संपादकबाईंनी चष्मा पुसला. “कुठल्या शब्दाला?”

“डेझी. आपला सापळा.”

कोशवाल्यांची ही जुनी खोड. हजारो खऱ्या अर्थांत एक खोटा दडवून ठेवायचा. कुणी डोळे झाकून नक्कल केली, की खोटाही सोबत उचलला जातो आणि चोर आयता हाती लागतो.

डेझीचे पहिले तीन अर्थ खरे होते. व्युत्पत्तीही खरी. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘दिवसाचा डोळा’. उजाडलं की उघडणारं आणि मावळलं की मिटणारं फूल. चौथा अर्थ तेवढा बाईंनी घुसवलेला: ‘घरी परतणाऱ्यासाठी खिडकीत ठेवलेला दिवा’.

आता तोही अगदीच खोटा कसा म्हणायचा? वडील कामावरून यायच्या वेळी बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ खिडकीत दिवा ठेवायचे आणि त्याला डेझी म्हणायचे. पुढे हाच भाऊ भांडून घराबाहेर पडला. “पुन्हा तोंड दाखवू नकोस,” असं बाईच रागाच्या भरात बोलून बसल्या होत्या. त्या पठ्ठ्याने ते खरं करून दाखवलं. अकरा वर्षं झाली, ना पत्र ना पत्ता. तो परत यावा, एवढंच बाईंना हवं होतं. नव्या आवृत्तीसाठी सापळा शोधताना त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

“नोटीस तयार आहे, सही तेवढी करा,” मदतनीस म्हणाली. “त्यांच्या संपादकाची नोकरी गेलीच म्हणून समजा.”

“जाऊ दे. आपण मान मोडून राबायचं आणि यांनी आयतं पळवायचं म्हणजे काय.” बाईंनी पेनाचं टोपण काढलं. चोरांची त्यांना कधीच दया येत नसे.

“आधी एकदा बघून तर घ्या. नक्कल केली ती केली, वर शहाणपणा किती. पदरचं उदाहरणही जोडलंय.”

बाईंनी पान उघडलं. चौथा अर्थ शब्दशः त्यांचाच होता. त्याखाली तिरप्या अक्षरांत उदाहरणाचं वाक्य होतं:

‘ताई, तुझी डेझी दिसली. येऊ का घरी?’