चवीचा चमचा

"आता सगळं तुमच्या तोंडून सांगा," सिस्टर आचाऱ्याला म्हणाल्या. मग त्याच्या बायकोकडे वळल्या. "आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाची त्या अशी उजळणी घेत. बायकोने ओठ मिटले. आचारी मात्र हुशार मुलासारखा घडाघडा सुरू झाला. पाणी घोट घोट प्यायचं, जेवताना नाही. अजून पातळच खायचं, तेही सावकाश, आणि पोट भरायच्या आत थांबायचं. एक अक्षर चुकलं नाही.

"मग कामावर गेल्यापासून उलट्या का होतात?"

सिस्टरनी आडपडदा ठेवला नाही. असंच चाललं तर पुन्हा भरती व्हावं लागेल, आणि कारण सापडेपर्यंत खाणावळीत पाऊल ठेवायचं नाही. आचाऱ्याचा चेहरा उतरला. खाणावळ त्याची स्वतःची होती आणि चुलीपासून लांब बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

वजनकाट्यावर चढताना त्याने खिसे रिकामे केले. रुमाल, किल्ल्या आणि एक छोटा चमचा.

"हा कशाला?"

"चव बघायला. ते काही खाणं नव्हे. प्रत्येक पातेल्यातलं जरासं, कुठे तळलेला एखादा तुकडा."

"आणि पातेली किती?"

तो बोटांवर मोजू लागला. बोटं संपली तसा ओशाळला.

"पोटाला काय ठाऊक, तुम्ही चव बघताय की जेवताय?" सिस्टर हसल्या. चव दुसरं कुणी बघणार असेल, तरच कामाची परवानगी.

आचारी हिरमुसला. त्याची जीभ म्हणजे खाणावळीची अब्रू, ती कुणाच्या भरवशावर सोडायची? बराच वेळ इकडे-तिकडे बघून शेवटी त्याने बायकोकडे पाहिलं. संसार मांडल्यापासून तिच्या रांधण्याला त्याने रोज नाक मुरडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खाणावळीच्या चुलीपाशी उभी राहिली. त्याने जड मनाने चमचा तिच्या हाती दिला. पहिल्या पातेल्यातला घोट तिने जिभेवर घोळवला आणि थेट त्याच्यासारखे डोळे मिटले. घाई अजिबात केली नाही.

"मीठ कमी आहे."

आजवर रोज ऐकलेलं वाक्य पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं होतं, आणि ते तिला भलतंच गोड लागलं. आचाऱ्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने चमचा वर धरला.

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

त्याने निमूटपणे मिठाची बरणी उघडली.