दोन कागद, एक डोंगररांग

सुई शिरेत गेली तेव्हा प्रयोगशाळेतली बाई खुर्चीला अगदी खेटून उभी होती. रक्त काढणे हे तिचे काम नव्हे. ती वरच्या मजल्यावर बसे, आणि तिच्यापर्यंत माणसे येत नसत, झाकणबंद नळ्या येत. पण हे रक्त याच हातातून निघाले, हे आज तिला स्वतः पाहायचे होते. नळी भरली. ती अजून कोमट असतानाच बाईने हातात घेतली आणि तिच्यावरचे नावही स्वतःच लिहिले.

“मॅडम, पुन्हा का बोलावलंत?” थोरल्या भावाबरोबर आलेल्या, खुर्चीतल्या बहिणीने विचारले. ती शाळेत भूगोल शिकवत असे. आवाज वर्गातलाच होता, स्थिर. फक्त डोक्यावर नुकतीच उगवू लागलेली मऊ लव होती.

बाईने सांगितले ते खरे होते, पण अर्धे: नळ्यांची अदलाबदल झाली असावी अशी शंका आहे. उरलेले अर्धे सांगायची तिची छाती झाली नाही. आशा दाखवून परत घेणे हे काम तिच्या मते सुईपेक्षा वाईट होते.

बहिणीच्या रक्तपेशींत दोन जनुके तुटून भलत्याच जागी एकमेकांना जोडली गेली होती, आणि त्या एवढ्याशा चुकीच्या सांध्यातून आजार उगवला होता. तो जाळून काढताना तिच्या हाडांतली सारी मज्जा रिकामी करावी लागली. मग त्या रिकाम्या जागी थोरल्या भावाच्या पेशी रुजवल्या गेल्या. तेव्हापासून बाईला एकच गोष्ट पाहायची असे: या रक्तात आता राहते कोण? तिच्या आलेखात प्रत्येकाच्या जनुकीय खुणा शिखरांसारख्या उमटत; गेल्या खेपेच्या आलेखात भावाच्या उंच शिखरांच्या आसपास बहिणीची बारीक टेकाडे डोके वर काढून होती. जुने रक्त उरले की त्याच्या आडोशाला आजारही दबा धरून बसू शकतो. या खेपेला मात्र, काही दिवसांपूर्वी काढलेल्या रक्तात, एकही टेकाड नव्हते. आलेख भावाच्या आलेखाशी तंतोतंत जुळत होता. अडचण अशी, की त्याच सकाळी तपासणीसाठी भावाचेही रक्त काढले होते. शेजारच्याच खुर्चीत, त्याच आडनावाने. दोन्ही नळ्या त्याच्याच तर नव्हेत?

इतक्या देखण्या आलेखावर विश्वास ठेवायची बाईला सवय नव्हती.

भाऊ दाराशी उभा होता. तो घरे रंगवत असे. कोपरांवर कुणाच्या तरी बैठकीचा फिका निळा रंग वाळलेला होता. घाबरला की त्याची जीभ सैल सुटे. त्याने रक्त काढणाऱ्या परिचारिकेला बजावले, की हिचे रक्त जरा जपून हाताळा, कुणाचे आहे ते आम्हालाही ठाऊक नाही, हिला आम्ही दवाखान्याच्या पायरीवरून उचलून आणलेली.

“चाळिशी आली तरी ह्याचं हेच,” बहीण म्हणाली. “लहानपणी मी खरंच रडत बसायचे.”

परिचारिका हसली. भाऊही हसला, पण उजव्या हाताची मूठ त्याने उघडली नाही.

दोघांना घरी जायला सांगितले तरी ते गेले नाहीत. वर यंत्राने दुपारभर काम केले, आणि मग पडद्यावर एकेक शिखर उमटू लागले. जिथे बहिणीची टेकाडे असत त्या जागा बाईने तळव्याने झाकून धरल्या. मग एकेक बोट उचलले. खाली सपाट होते. पुन्हा सपाट. स्त्रीच्या रक्तात पुरुषाची खूण मात्र घरच्यासारखी ताठ उभी होती. त्या चुकीच्या सांध्याची चाचणी तिने वेगळी लावली होती. तीही रिकामी आली.

तिने कागद आधी डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, चोर तुम्ही शोधत होतात, तेव्हा तो पळाल्याचेही तुम्हीच सांगा.

ती जिन्यानेच खाली उतरली. तिला पाहताच भाऊ बाकावरून उठला.

“हा तुमचा,” बाईने बहिणीच्या हातात एक कागद दिला. “आणि हा दादांचा.”

बहिणीने दोन्ही कागद घेतले. ती खिडकीपाशी गेली आणि मुलांकडून नकाशा गिरवून घेताना धरतात तसे दोन्ही कागद एकावर एक काचेला लावले. मागून ऊन आले. शिखरावर शिखर बसले, दरीवर दरी. एकच डोंगररांग उरली.

“ह्यात मी कुठेय?”

“नाही. कुठेच नाही,” बाई म्हणाली. “तेच तर हवं होतं. जुनं काही उरलं नाही.”

तुझी खूणही राहिली नाही असे कुणाला सांगावे आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळत जावा, हे बाईने याआधी कधी पाहिले नव्हते. तिच्याकडे नळ्याच येत.

बहिणीने मान वळवली. “आता म्हण, दादा. उचलून आणली म्हण.”

भाऊ जवळ आला. ओल्या भिंतीवरून हात फिरवून पाहावा तसे त्याने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेले.

“तरीच,” तो म्हणाला. “तरीच म्हटलं. म्हणजे मलाही त्याच पायरीवरून आणलेलं दिसतंय.”

बहीण एवढी हसली की काचेवरचे हात निसटले आणि कागद तरंगत फरशीवर गेले. भाऊ डोळे पुसत होता, तेव्हा बाईच वाकली आणि तिनेच ते उचलले. कोणता कुणाचा हे कळायला तिलाही नाव वाचावे लागले.