बाईंची चूक

इंग्रजीच्या बाईंच्या शोकसभेत सगळे त्यांच्या शिकवण्याबद्दल आणि निवृत्तीनंतर त्यांनी वीस वर्षं केलेल्या रुग्णसेवेबद्दल बोलले. मग त्यांचा जुना विद्यार्थी उठला. आता तो बस कंडक्टर होता.

"अपघातानंतर मी बेशुद्ध होतो. बाई खाटेशी बसून काहीतरी बोलत राहायच्या म्हणे. पाचव्या दिवशी कानावर आलं, 'ही डिडन्ट वेन्ट.' मी डोळे न उघडताच म्हणालो, 'बाई, डिडन्ट गो!'"

सभागृहात हशा पिकला.

"पण वाईट वाटलं हो. म्हटलं, वय झालं, बाईही चुकायला लागल्या."

मागून त्याच वॉर्डातली नर्स म्हणाली, "कसल्या चुकतायत! पाच दिवस तेवढं एकच वाक्य घोकत होत्या. मला म्हणाल्या, 'याच चुकीसाठी याला वर्षभर बाकावर उभं केलंय. ऐकून उठेल मेला!'"