दोन्ही हातांत हंडे

टँकर गल्लीत शिरला की सोमनाथच्या बोटांची पेरं पांढरी पडत. त्याच्या दोन्ही हातांत हंडे असत, पण रिकामे. रिकाम्या हंड्याला एवढी पकड लागत नाही, हे रत्नमालाला बऱ्याच दिवसांपासून दिसत होतं. रांगेत सगळ्यांचे हंडे जमिनीवर असत. तिचा नवरा मात्र आपले खाली ठेवत नसे.

मुकुंदवाडीच्या पलीकडं वसाहत वाढत गेली होती, नळ मागंच राहिले होते. त्यात हे दुष्काळाचं दुसरं वर्ष. टँकरच्या मोटारीनं आज नेहमीपेक्षा जास्त गोंगाट लावला होता. सहा वर्षांची सायली निळ्या ड्रममागं बसली होती, कान दाबून, डोळे मिटून, पुढं-मागं झुलत.

"काय वं रत्नमाला," शेजारची कडूबाई हसली, "पोरगी टँकरला भिती, मग लग्नात बँडापुढं कशी उभी राहायची?"

"बँड लावायचाच नाही, मावशी. तुम्ही एकट्या पुरे."

रांग हसली. रत्नमाला हसली नाही. सायलीच्या शाळेतल्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं, स्वमग्नतेची तपासणी करून घ्या. रत्नमाला स्वतः विज्ञान शिकवायची. तिला हे बाईंच्या आधीच कळलं होतं. दोन्ही वेळा सोमनाथ म्हणाला होता, "मोठी झाली की सुटेल. आमच्या घरात असं कुणी नाही." दोन्ही वेळा तारीख टळली होती.

सासूबाई घरातून पितळेच्या दोन लहान कळश्या घेऊन आल्या आणि नातीपुढं वाकल्या.

"ऊठ माय. धर ह्या. हात रिकामे असले की कानाकडंच जात्यात."

"आई, राहू द्या तिला."

"अगं, सोम्या लई वंगाळ होता हिच्यापरीस. खुलताबादच्या उरुसात ढोल वाजला की दुकानाच्या फळीखाली दडायचा. मग ह्याच कळश्या दिल्या दोन्ही हातांत. खाली ठिवल्या तर भाकर नाय, म्हनलं. गेली का नाय खोड? इचार त्याला."

रत्नमालानं नवऱ्याच्या बोटांकडं पाहिलं. मग चेहऱ्याकडं.

"गेली का हो?"

त्यानं हंडे आणखी घट्ट धरले. सासूबाईंनी कळश्या खाली ठेवल्या आणि सायलीची बोटं कानांवरून सोडवायला घेतली. मायेनं, एकेक करून. सायलीच्या तोंडून बारीक, लांबट आवाज निघाला.

सोमनाथनं हंडे सोडले. एक कलंडून गटारीकडं घरंगळत गेला. त्यानं पाहिलंही नाही. ड्रमपाशी येऊन त्यानं आईचे हात हलकेच बाजूला केले. कळश्या उचलून भिंतीवर पालथ्या घातल्या. मग तो मुलीशेजारी मातीत बसला आणि अख्ख्या रांगेदेखत त्यानं आपले कान झाकले.

"सोम्या," त्याच्या आईचा आवाज बसला. "अजून?"

सायलीनं एक डोळा उघडला.

कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. सोमनाथ बोलला तेव्हा टँकरवरच्या माणसानंही वळून पाहिलं.

"रत्ना, सोमवारी हिला तपासायला न्यायचं. माझीही तपासणी करायची."