बिनमिठाची दोन ताटं

या सुट्टीत लेनॉक्सचा फायदाच होता. रुसलेली बायको परत मिळाली तर मिळाली, नाहीतर समुद्राची हवा तरी पदरात पडणार होती. म्हणून तो मार्व्हलिनला पुन्हा कॅरियाकू बेटावर घेऊन आला, लग्नानंतर उतरले होते त्याच उर्सेलमावशींच्या घरी.

"काय गं पोरी, हा अजून तोंडात मूग धरूनच बसतो का?" मावशींनी दारातच विचारलं.

"उघडतो ना तोंड. फोनवर," मार्व्हलिन म्हणाली.

संध्याकाळी मावशींनी कालवणात मीठ घालण्याआधीच दोन ताटं वाढून शेजारच्या खोलीत नेली. बिनमिठाचं भुतांसाठी वाढतात, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तिकडे कोण आहे, मावशी?" लेनॉक्सने विचारलं.

"जोडपं आहे. लग्न झालं तेव्हा आली, ती गेलीच नाहीत. फार गोड."

भिंतीपलीकडे एक बाई हसली, आणि हसता हसता तिला मार्व्हलिनसारखीच उचकी लागली. मग लेनॉक्सचाच आवाज लाडाने म्हणाला, "मार्वी, पाणी पी."

ती उठली.

"जाऊ नकोस. मी इथे आहे ना!"

"तू इथे आहेस, तेच तर रडगाणं आहे."

ती शेजारच्या खोलीत शिरली आणि दार लागलं. लेनॉक्सने ते ढकललं, तर आत फक्त रिकामा पलंग. हसणं आता त्याच्या स्वतःच्या खोलीतून येत होतं. तो धावला. दाराला आतून कडी होती.

"मार्वी!"

"कोण आहे रे?" आत मार्व्हलिनने विचारलं.

"कुणी नाही," आतून त्याचाच आवाज म्हणाला.

मार्व्हलिनला तिचा लग्नातला नवरा परत मिळाला. त्या हिशेबात खर्ची पडला तो लेनॉक्स.