गोदूबाईंची तसबीर

"अहो, मी भिजतेय इकडे!" गोदूबाई कडाडल्या.

त्र्यंबकरावांनी मान वर केली, गोदूबाईंच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली आणि कॅमेऱ्याच्या खोक्यावर घातली. खोक्याला मेणकापडाचे दोन वेढे आधीच होते. आता वर शाल. बायको गेली उडत!

होडी कल्याणच्या खाडीत मध्यावर आली होती. पलीकडे कोन गावात गोदूबाईंच्या भाचीचं लग्न होतं, आणि त्र्यंबकराव नवरानवरीची तसबीर काढणार म्हणून सगळं गाव वाट बघत होतं. वारा उलटा होता. लाट आली की पाणी आत.

गोदूबाईंचा जळफळाट पाण्यापायी नव्हता, कलावतीपायी होता. कलावती म्हणजे त्र्यंबकरावांची पहिली बायको. बाई वारली, पण याच कॅमेऱ्यानं काढलेली तिची तसबीर अजून ओसरीवर होती. काय तो थाट, काय ती नथ! मेली येताजाता टक लावून बघायची. आणि गोदूबाई? सहा वर्षं संसार झाला. मामलेदारांची तसबीर निघाली, त्यांच्या घोड्याची निघाली. बायकोची नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "बघू पुढं."

"रावसाब, पानी उपसा, नायतं बुरू!" नाथा नावाडी ओरडला.

त्र्यंबकरावांनी खोका गोदूबाईंच्या मांडीवर ठेवला. "जिवापलीकडे जप," म्हणाले, आणि वाकून लोट्यानं पाणी उपसायला लागले.

जिवापलीकडे! गोदूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खोका उचलला आणि होडीबाहेर, थेट पाण्यावर धरला.

"उतरल्यावर पहिली तसबीर माझी. कबूल करा, नाहीतर देते सोडून."

त्र्यंबकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. खोक्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दे सोडून," ते म्हणाले.

गोदूबाईंना रडूच फुटलं. पोटच्या पोरासारखं जपलेलं हे धूड बुडालं तरी चालेल, पण त्यात आपलं तोंड नको! इतकं का आपण नकोसं व्हावं?

"एवढी का हो लाडकी होती ती?"

त्र्यंबकराव भरला लोटा हातात घेऊन तसेच बसले.

"तसबिरीनं आयुष्य घटत नाही, असं मीच सांगत फिरतो लोकांना. घाबरणाऱ्यांना हसतो," ते म्हणाले. "पण तिची काढली आणि महिन्याभरात ती गेली. तुझी काढायची छाती होत नाही गं माझी."